पोराच्या पोटाचे ऑपरेशन आणि पाठीतली सुई

गणपतीपुळे, मालगुंड, नेवरे या पट्ट्यातल्या बौद्धवाड्यांत लहान मुलाच्या ऑपरेशनचा विषय निघाला की बायका पहिला प्रश्न विचारतात तो पाठीतल्या सुईचा. ऑपरेशन कसले, हर्नियाचे की अपेंडिक्सचे, हे नंतर. "पाठीत सुई देणार असतील तर नको. माझी कंबर सिझरपासून दुखते, पोराची तर जन्माची जाईल." हे वाक्य आम्ही इतक्या घरांत ऐकले आहे, की या अंकातला आरोग्याचा पाठ त्यावरच घ्यायचा ठरवले. या भीतीपायी पोराला वेदना जास्त सोसाव्या लागतात. कधी ऑपरेशनच लांबते, आणि जांघेतला हर्निया लांबवणे जिवावर येऊ शकते.

आधी आईच्या कंबरेचे बघू. सिझरच्या वेळी पाठीत दिलेल्या सुईची जागा दोन-चार दिवस ठणकते, हे खरे आहे. वर्षानुवर्षे दुखणाऱ्या कंबरेचे कारण मात्र ती सुई नसते. ज्या बायकांनी बाळंतपणात पाठीत सुई घेतली आणि ज्यांनी घेतली नाही, त्यांची तुलना केल्यावर दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक आढळलेला नाही. गरोदरपणात पाठीवर येणारा ताण, बाळंतपणानंतर लगेच सुरू होणारे पाणी भरणे, चिरेखाणीवरची मजुरी, वाकून केलेली लावणी, अपुरा आराम, यांकडे कोणी बोट दाखवत नाही. सुई लक्षात राहते, कारण ती एकदाच टोचलेली असते.

पोराचे ऑपरेशन आईच्या सिझरपेक्षा वेगळे असते. सिझरमध्ये आई जागी असते, फक्त कमरेखाली बधिर. लहान मूल ऑपरेशनच्या टेबलावर जागे पडून राहत नाही, म्हणून त्याला बहुतेक वेळा पूर्ण भूल देतात. मूल झोपले की त्याच्याही नकळत जागा बधिर करण्याचे इंजेक्शन दिले जाते. म्हणजे त्याला दोन्ही मिळतात. काही घरांत विचारतात, झोपलेलेच आहे तर मग सुई कशाला? झोपलेल्या शरीरालाही चिरा पडल्याचा निरोप मेंदूपर्यंत जातच असतो. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, शरीर ताणाखाली येते. शिवाय भूल उतरेल तेव्हा वेदना जागीच असते. आधीच जागा बधिर केलेली असली तर भुलीचे औषध कमी लागते आणि मूल जागे होते तेव्हा किंचाळत नाही.

बधिर करण्याचे काम चालते कसे, हे वाडीच्या विजेवरून समजेल. गावाला वीज येते एका मोठ्या तारेवरून आणि वाडीला फाटा जातो खांबावरून. खांबावरचा फ्यूज काढला तर वाडीत अंधार होतो, गावात दिवे चालूच राहतात. मज्जातंतू म्हणजे अशाच तारा. बुपिव्हाकेनसारखे औषध त्या तंतूजवळ सोडले की काही तास त्यातून वेदनेचा निरोप पुढे जात नाही. पूर्ण भूल म्हणजे गावाचीच वीज बंद करणे. औषधाचा असर संपला की तंतू पूर्वीसारखा चालू लागतो.

कुठला फाटा बंद करायचा, हे ऑपरेशनवर ठरते. आपल्या वाचकांनी चार प्रकार ओळखून ठेवले तर डॉक्टरांशी बोलणे सोपे जाईल.

पहिला प्रकार सगळ्यात जास्त वापरात आहे आणि गैरसमजही त्याच्याबद्दलच जास्त आहेत. त्याला कॉडल म्हणतात. जांघेतला हर्निया, अंडाभोवती पाणी साठणे, वृषण खाली न उतरणे अशा, बेंबीच्या खालच्या ऑपरेशनांना तो चालतो. झोपलेल्या मुलाला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घेतात आणि माकडहाडाच्या थोडे वर, हाडातच असलेल्या एका छोट्या फटीतून औषध सोडतात. सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलात ही फट हाताला सहज लागते. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशी संपतो. तान्ह्या बाळात तो जरा खाली येतो, पण माकडहाडापर्यंत पोचत नाही. म्हणून सुई मज्जारज्जूच्या बरीच खाली राहते. असर साधारण चार ते सहा तास टिकतो.

दुसरा प्रकार पोटाच्या भिंतीचा. पोटाच्या स्नायूंचे थर असतात आणि त्यांच्या मधून वेदनेचे तंतू जातात. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत भूलतज्ज्ञ दोन थरांच्या मध्ये औषध सोडतात. पाठीला हातही लागत नाही. याला टॅप ब्लॉक म्हणतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. याने कातडी आणि स्नायूंची वेदना जाते, आतड्याची कळ जात नाही. म्हणून अपेंडिक्सच्या मुलाला टॅप ब्लॉक दिला तरी सोबत दुसरी औषधे लागतातच. "सुई दिली तरी पोर रडलंच" अशी तक्रार येते, तिच्यामागे बऱ्याचदा हे कारण असते.

मोठ्या ऑपरेशनला, म्हणजे आतडे कापून जोडणे, यकृत, मूत्रपिंड अशा कामाला, पाठीत बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस थेंबाथेंबाने औषध देतात. ही एपिड्यूरल. यात मुलावर रात्रंदिवस लक्ष ठेवणाऱ्या परिचारिका हव्यात, म्हणून ती मोठ्या रुग्णालयातच दिसेल. चौथा प्रकार खास आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना हर्निया जास्त होतो आणि पूर्ण भुलीनंतर त्यांचा श्वास मध्येच थांबण्याचा धोकाही जास्त असतो. अशा बाळाला कधीकधी पूर्ण भूल न देता फक्त पाठीत इंजेक्शन देऊन, जागेपणीच ऑपरेशन करतात. एवढ्याशा बाळात ते औषध तास-दीड तासात उतरते, तेवढ्या वेळात डॉक्टरांना काम उरकावे लागते. जागे ठेवलेली आणि झोपवलेली अशा ७२२ तान्ह्या बाळांची सात देशांत तुलना झाली. मुले पाच वर्षांची झाल्यावर बुद्धीची चाचणी घेतली आणि २०१९ मध्ये निकाल जाहीर झाला. दोन्ही गटांत फरक नव्हता. तासाभराच्या आतल्या एका भुलीने पोराचे डोके मंद होते, ही आज्यांची धास्तीसुद्धा त्याने दूर व्हायला हरकत नाही.

"आमच्या पोरांवर प्रयोग करतात" असेही ऐकू येते. आपल्या समाजाला हा संशय उगाच येत नाही, पण इथे तो लागू नाही. मुलांना पाठीतल्या सुईने बधिर करून केलेल्या ऑपरेशनांचा अनुभव लंडनच्या टायरेल ग्रे यांनी १९०९ मध्ये छापला होता. मुलांतल्या कॉडलची माहिती १९३३ पासून नोंदलेली आहे. बुपिव्हाकेन १९५७ मध्ये तयार झाले. धोक्याचा हिशेबही मांडलेला आहे. अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयांनी नोंदवलेल्या एक लाखाहून अधिक अशा इंजेक्शनांचा आढावा २०१८ मध्ये आला. त्यात तंतूला कायमची इजा झालेले एकही मूल नव्हते. काही काळ टिकून गेलेला बधिरपणा किंवा अशक्तपणा दर दहा हजारांमागे दोन-तीन मुलांत दिसला. यातली बहुतेक इंजेक्शने मुले झोपेत असताना दिलेली होती.

खरा धोका औषधाच्या मात्रेचा असतो. बधिर करणारे औषध जास्त झाले किंवा चुकून रक्तवाहिनीत गेले तर झटके येऊ शकतात, हृदयाचा ठोका बिघडू शकतो. हे फार क्वचित होते आणि त्यावर उतारा म्हणून दुधासारखे पांढरे चरबीचे द्रावण शिरेतून देतात. मात्रा किलोच्या हिशेबाने ठरते. म्हणून पोराचे वजन ऑपरेशनच्या दिवशी खरोखर काट्यावर झाले पाहिजे. "बारा-तेरा असेल" असे आईने सांगितलेले वजन कागदावर उतरवू देऊ नका. "डॉक्टर, एकदा काट्यावर घेऊया" म्हणा, कोणी रागावणार नाही.

बाळाची वेदना कोणी मानली

एक गोष्ट वाचून आम्हालाच धक्का बसला होता. १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या नामांकित रुग्णालयांतसुद्धा तान्ह्या बाळांची ऑपरेशने अगदी नाममात्र भुलीवर होत. हालचाल थांबवणारे औषध द्यायचे, वेदनेचे द्यायचे नाही. बाळाचे तंतू कच्चे असतात, त्याला दुखत नाही, दुखले तरी आठवत नाही, असे शिकवले जाई. हे चूक आहे, हे दाखवून देणाऱ्यांत एक भारतीय डॉक्टर पुढे होते, कंवलजीत सिंग आनंद. त्यांचे वैद्यकीय शिक्षण इंदूरला झाले, म्हणजे बाबासाहेबांच्या महूच्या शेजारी. पुढे ऑक्सफर्डमध्ये त्यांनी वेळेआधी जन्मलेल्या, ऑपरेशन होणाऱ्या बाळांचे दोन गट पाहिले. एका गटाला नेहमीची नाममात्र भूल, दुसऱ्याला सोबत जोरदार वेदनाशामक. पहिल्या गटातल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरके कितीतरी जास्त वाढली आणि ऑपरेशननंतरचे त्रासही त्यांनाच जास्त झाले. हे १९८७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगभरच्या डॉक्टरांना आपली पद्धत बदलावी लागली.

ज्याला बोलता येत नाही त्याची वेदना नाकारणे सोपे असते. बोलता येते त्यांचेही सगळ्यांचे सारखे ऐकले जात नाही. अमेरिकेतल्या तातडीच्या विभागांत २००३ ते २०१० मध्ये अपेंडिक्सचा त्रास घेऊन आलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१५ मध्ये आलेल्या त्या अहवालात दिसले, की तीव्र वेदना असतानाही काळ्या मुलांना अफूवर्गातले जोरदार वेदनाशामक गोऱ्या मुलांपेक्षा फार कमी वेळा मिळाले. आजार तोच, वेदनेचा आकडाही तोच. बस्तीतल्या आयांना हे वाचून नवल वाटणार नाही. पण आपल्याच घरातही एक सवय आहे. "आमचं पोर सोशिक आहे, हूं की चूं केलं नाही" असे आपण कौतुकाने सांगतो. पोट कापलेले मूल गप्प पडले असेल तर बहुधा हलले की दुखते म्हणून ते गप्प असते. ते खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि मग छातीत कफ साठतो. सोशिकपणाचे कौतुक ऑपरेशननंतरच्या आठवड्यात तरी बंद ठेवा.

मूल सांगू शकत नसेल तर त्याची वेदना मोजण्याची एक साधी पद्धत परिचारिका वापरतात. आईलाही ती जमते. पाच गोष्टी पाहायच्या: चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणे, आणि जवळ घेतल्यावर शांत होते का. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. चेहरा शांत तर शून्य, अधूनमधून कपाळाला आठ्या तर एक, सारखी हनुवटी थरथरते, दात आवळलेले तर दोन. पाय सैल सोडलेले तर शून्य, अस्वस्थ तर एक, झाडतेय किंवा पोटाशी ओढून धरलेत तर दोन. याच चालीने बाकीचे. दहापैकी चार किंवा जास्त गुण झाले तर परिचारिकेला आकडा सांगा. "रडतंय हो" म्हटले की "मुलं रडतातच" असे उत्तर मिळते. "दहात सहा आहे" म्हटले की बघायला यावे लागते.

ऑपरेशनच्या आधी

जांघेतला हर्निया आपोआप बरा होत नाही. बेंबीचा हर्निया मात्र बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपला आपण मिटतो. त्यावर नाणे बांधून काही होत नाही, कातडी मात्र खराब होते. या दोन हर्नियांची गल्लत होते आणि जांघेतल्या फुगवट्यालाही "मोठा झाला की जाईल" म्हणून थांबतात. कोकणात तर आणखी एक कारण असते, मे महिन्यात मुंबईची माणसे येतील तेव्हा करू. फुगवटा दगडासारखा घट्ट झाला, आत जात नाही, पोर उलट्या करतेय, किंचाळतेय, असे झाले तर आतडे अडकले आहे. तेव्हा मे महिना नाही, सकाळचीही वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा. मालगुंडचे प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ आहे, पण हे ऑपरेशन तिथे होणारे नाही. आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी सुमारे पंचवीस किलोमीटर. तिथे जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. चिपळूण तालुक्यात डेरवणचे वालावलकर रुग्णालय आहे. अगदी तान्ह्या बाळाचे किंवा गुंतागुंतीचे ऑपरेशन असेल तर मुंबईला परळच्या वाडिया रुग्णालयाकडे पाठवले जाण्याची शक्यता धरून ठेवा आणि मुंबईतल्या नातेवाइकांना आधीच कळवा.

पैशाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणारे ऑपरेशन असेल तर योजनेतल्या रुग्णालयात भुलीचा खर्च पॅकेजमध्येच येतो. बधिर करण्याच्या इंजेक्शनाचे पैसे वेगळे मागितले तर आरोग्यमित्राच्या टेबलावर जाऊन विचारा. रेशनकार्ड आणि मुलाचे ओळखपत्र जवळ ठेवा. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. हर्निया, न उतरलेले वृषण त्या तपासणीत सापडू शकते आणि पुढची चिठ्ठी तिथूनच मिळते.

भूलतज्ज्ञ ऑपरेशनआधी पोराला बघायला येतात. ही भेट चुकवू नका. त्यांना हे सांगा: जखम झाली की रक्त लवकर थांबत नाही का, पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर उठले का, आता सर्दी-ताप आहे का, कंबरेच्या खाली खोल खळगा, केसांचा पुंजका किंवा गाठ आहे का, तिथे पुटकुळ्या आहेत का. यातले काही असेल तर पाठीतली सुई टाळून दुसरा उपाय करतात. विदर्भातल्या आपल्या वाचकांसाठी एक जादा ओळ. घरात सिकलसेल असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. अशा मुलाला थंडी, शरीरातले पाणी कमी होणे आणि वेदना या तिन्हींचा त्रास होतो, म्हणून त्याच्या वेदनेवर आधीच बंदोबस्त करावा लागतो.

मग तुम्ही विचारा. "डॉक्टर, ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून जागा बधिर करणार का? कुठे सुई देणार? किती तास टिकेल? ते उतरल्यावर कुठले औषध?" या चार प्रश्नांची उत्तरे समजेपर्यंत संमतीच्या कागदावर अंगठा किंवा सही करू नका. कागद वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगणे हा तुमचा हक्क आहे. तुमच्या रुग्णालयात ही सोय नसेल तरी विचारण्याने नुकसान नाही. ऑपरेशन संपताना शल्यचिकित्सक जखमेच्या कडेला बधिर करणारे औषध टोचू शकतात. त्याला यंत्र लागत नाही आणि त्याने पहिले काही तास बरे जातात.

उपाशी ठेवण्याबद्दल नेमके समजून घ्या. जेवण आणि वरचे दूध सहा तास आधी बंद, आईचे दूध चार तास आधी, साधे पाणी साधारण दोन तास आधी. आपल्याकडे पेज पातळ म्हणून पाण्यात धरतात. पेज हे जेवण आहे, सहा तासांचा नियम तिलाही लागू. दुधाचा चहासुद्धा त्यातच. पोटात अन्न असताना भूल दिली तर उलटी होऊन ते फुप्फुसात जाऊ शकते. रडते म्हणून आजीने गुपचूप बिस्कीट दिले असेल तर आजीला दोष न देता लगेच सांगा, ऑपरेशन पुढे जाईल इतकेच.

घरी आल्यावर

कॉडल दिलेल्या मुलाचे पाय काही तास जड असतात. उभे केले तर कोलमडते. "पाय गेले" म्हणून वॉर्डात रडारड झालेली आम्ही पाहिली आहे. औषध उतरेपर्यंत त्याला उभे करू नका, उचलून न्या, पायाला गरम पिशवी लावू नका, कारण भाजलेले त्याला कळणार नाही. लघवीला उशीर होऊ शकतो. सात-आठ तासांत लघवी झाली नाही, किंवा दुसऱ्या दिवशीही पाय हलत नाहीत, सुईच्या जागी सूज-लाली आहे, ताप चढला, पोट फुगले, उलट्या थांबत नाहीत, तर परत न्या.

सगळ्यात मोठी गफलत होते ती पहिल्या संध्याकाळी. पोर हसत-खेळत घरी येते, कारण जागा बधिर असते. घरच्यांना वाटते दुखतच नाही, मग औषध कशाला. रात्री नऊ-दहाला असर उतरतो आणि सगळी वेदना एकदम जागी होते. त्या वेळी औषध दिले तरी लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो. म्हणून असर उतरण्याआधीच पॅरासिटामॉल सुरू करायचे आणि पहिले दोन दिवस घड्याळ बघून सहा-सहा तासांनी द्यायचे, दुखो न दुखो. शेवटचा डोस रुग्णालयात किती वाजता दिला ते निघण्यापूर्वी लिहून घ्या.

मात्रा साधारण किलोला १५ मिलिग्रॅम, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. बारा किलोच्या पोराला १८० मिलिग्रॅम. पण बाटल्या वेगवेगळ्या येतात. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून ते साडेसात मिली होते, तर ५ मिलीत २५० असलेल्या बाटलीतून साडेतीन मिलीच्या आसपास. थेंबांच्या बाटलीतले औषध त्याहूनही दाट असते. एका बाटलीचा हिशेब दुसरीला लावला तर डोस दुप्पट होतो आणि यकृताला इजा होते. म्हणून दुकानातून आणलेली बाटली डॉक्टरांना किंवा परिचारिकेला दाखवून त्यावरच पेनाने मिली लिहून घ्या, आणि घरातल्या चमच्याऐवजी बाटलीसोबतचे माप वापरा. दुकानदाराने निमेसुलाइड दिले तर परत करा, बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ते २०११ पासून आपल्या देशात बंद आहे. ॲस्पिरिनही मुलाला नको. आणि पहिल्या रात्रीचा डोस मूल झोपले असेल तरी उठवून द्या.